हजार दिवसांची कोल्ही

१

बुधवारी सकाळी साडेसहाला आमच्या कोठारातून कोल्हीचा मणी नाहीसा झाल्याचं लक्षात आलं आणि पावणेसातपर्यंत मी चोर पकडूनही टाकला होता. मी पकडलेला चोर चुकीचा होता, पण हे कळायला शनिवार उजाडावा लागला. मी दातांचा डॉक्टर आहे. समोरच्याने तोंड उघडलं की कोणता दात दुखतोय ते लगेच सांगायची मला सवय आहे. दवाखान्याबाहेर या सवयीचा फारसा उपयोग होत नाही.

कोठार म्हणजे खरंखुरं कोठार नव्हे. आम्ही सहा जण रोज सकाळी, कामाला जाण्याआधी, पाऊण तास एक ऑनलाइन खेळ खेळतो. चीन, जपान, कोरिया इकडच्या जुन्या लोककथांमधून रचलेलं ते एक जग आहे. त्यात प्रत्येकाने एक रूप घ्यायचं, सगळ्यांनी मिळून एक घर बांधायचं आणि डोंगरदऱ्यांतून भुताखेतांशी दोन हात करत हिंडायचं. मी त्यात मासा आहे. साधासुधा नव्हे, धबधबा उलटा चढून माथ्यावर पोचला की ज्याचा ड्रॅगन होतो, तो मासा. तीन वर्षं होत आली, अजून मधल्या कातळावरच आहे.

माझे भावजी, म्हणजे ताईचे यजमान, पाणभूत आहेत. पाणभुताच्या डोक्यावर वाटीएवढा खळगा असतो, त्यात पाणी असतं आणि वाकून नमस्कार केला की ते सांडून अंगातलं सगळं बळ जातं. भावजी मुळातच इतके नम्र की ते बहुतेक वेळ गळून गेलेलेच असतात. शिंपीकाका उड्या मारणारं प्रेत आहेत. दोन्ही हात समोर ताठ, गुडघे न वाकवता टुणटुण उड्या. ग्रंथपालबाई चंद्रावरचा ससा होऊन खलबत्त्यात औषध कुटत असतात. आणि ताई नऊ शेपट्यांची कोल्ही.

सहावी टिटवी, ताईची लेक. तिचा आवाज लहानपणापासून टिपेचा, म्हणून हे नाव. सव्वातीन वर्षांपूर्वी तिला लांबच्या एका देशात काच फुंकायचं काम मिळालं. ताईला ते पसंत नव्हतं. ताई गाडी चालवायला शिकवते आणि तिच्या गाडीतून उतरलेली माणसं पुढे आयुष्यात कशालाच घाबरत नाहीत. ती लेकीला म्हणाली, "गेलीस तर परत येऊ नकोस." टिटवी गेली आणि सहा महिने फोन नाही, पत्र नाही. मग एक दिवस या खेळाचं आमंत्रण आलं, सोबत चार ओळी. आई, तू कोल्ही हो. हजार दिवस कुणाला चावली नाही, मारलं नाही, तर कोल्हीचा माणूस होतो. ज्या दिवशी होईल त्या दिवशी मी घरी येईन.

ताईने ते मनावर घेतलं. खेळातली कोल्ही गोगलगाय झाली, गाडीतली ताई होती तशीच राहिली. पण रोज सकाळी पाऊण तास मायलेकी एकमेकींशी बोलत होत्या, हे आम्हाला पुष्कळ होतं.

अट एकच. हजाराव्या पहाटे कोल्हीचा मणी, ज्यात तिची सगळी शक्ती साठते तो, घरात हवा. नसला तर मोजणी पुन्हा शून्यापासून. बुधवारी नऊशे शहाण्णवावा दिवस होता आणि लाल गादीवर मणी नव्हता.

२

कोठाराला एकच दार आहे आणि त्याच्या किल्ल्या फक्त आम्हा सहा जणांकडे. दाराशेजारी एक पाटी आहे. कुणीही दार उघडलं की त्याचं नाव आपोआप तिच्यावर उमटतं. त्या सकाळी पाटीवर नाव नव्हतं. एवढंच होतं: दार आतून उघडलं.

बाहेर खेळातला हिवाळा होता, रात्रभर बर्फ पडून थांबलं होतं. त्यावर दारापासून निघालेल्या खुणा स्पष्ट दिसत होत्या. दोन बोटं मावतील एवढे छोटे गोल खळगे, एकामागे एक, हातहातभर अंतरावर. चालल्याच्या नव्हे, उड्या मारत गेल्याच्या. त्या नदीपर्यंत जात होत्या आणि गोठलेल्या नदीवर संपत होत्या.

आमच्यात उड्या मारत जाणारं कोण, हे सांगायला दातांचा डॉक्टर कशाला हवा होता? मी सगळ्यांसमोर शिंपीकाकांचं नाव घेतलं. काका म्हणाले, "डॉक्टर, तुमचे सगळे कोट मी शिवलेत," आणि खेळातून निघून गेले.

ताईने मला झापायला सुरुवात केली ती भावजींनी तिला उशीर होतोय म्हणून आठवण करून देईपर्यंत थांबली नाही. खेळ चालवणाऱ्या कंपनीला आम्ही कळवलं. घरातल्या वस्तूंची जबाबदारी घरच्यांची, असं तिथून उत्तर आलं.

दुपारी मावशी दवाखान्यात आली. आमच्या आईची धाकटी बहीण. तिच्या दाढेतलं सिमेंट निघालं होतं. मावशीने तेहतीस वर्षं टपालखात्यात काढली आणि तीही एकाच खोलीत, जिथे पत्ता न लागणारी पत्रं येतात. 'तळ्याजवळच्या उंच बाईला' एवढ्या पत्त्यावरून तिने एकदा ती बाई शोधून काढली होती. ती काहीही शेवटपर्यंत वाचते. औषधाच्या बाटलीभोवतीचा कागदसुद्धा ती घडी मोडून अगदी शेवटच्या ओळीपर्यंत वाचणार, मग झाकण उघडणार.

सिमेंट सुकेपर्यंत तिला बोलता येत नव्हतं, म्हणून मी सगळी हकिगत सांगितली. तोंड मोकळं झाल्यावर तिने पहिला प्रश्न विचारला तो असा, की त्या खळग्यांपैकी दाराकडे येणारे किती होते.

मी म्हटलं, एकही नाही. सगळे बाहेर जाणारे.

"मग चोर आला कुठून?" मावशी म्हणाली.

३

गुरुवारी ती मला घेऊन निघाली. तिला त्या खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं, म्हणून समजावून सांगायला मी. मी रुग्णांच्या वेळा पुढे ढकलल्या, कारण मावशीला नाही म्हणण्यात अर्थ नसतो.

आधी भावजींचं दुकान. किल्ल्या बनवून देण्याचं. दारातून आत गेलं की तिन्ही भिंतींवर न कापलेल्या किल्ल्या लटकतात आणि मधे भावजी, डोळ्याला भिंग लावून. नदीपर्यंत गेलेल्या खुणा आणि पाण्यातलं भूत यांचा संबंध जोडायला मी टपलोच होतो. मावशीने मात्र कुलुपाविषयी विचारलं. भावजींनी भिंग काढून ठेवलं आणि सांगितलं की कुलूप फोडलेलं नाही, दुसऱ्या किल्लीने उघडलेलं नाही. आतली कडी काढली आहे, बस्स. मग स्वतःहूनच म्हणाले की मणी मिळाला नाही तर त्यांची बायको त्यांना माफ करेल, पण स्वतःला करणार नाही. त्यांचे हात किल्ली धरून तसेच राहिले होते. मी पाणभुताचा विषय काढलाच नाही.

वाचनालयात ग्रंथपालबाई ओशाळल्या. त्यांनी तो मणी दोनदा मागितला होता हे खरं होतं. त्यांच्या सशाला औषधात तो उगाळून घालायचा होता. ताईने दोन्ही वेळा नाही म्हटलं होतं. "पण मागणारी मी, चोरणारी नव्हे," बाई म्हणाल्या. मावशीने त्यांना वेगळंच विचारलं. कोठारावर कुणी राखणदार आहे का? बाई म्हणाल्या, आहे ना, एक म्हातारी दाराशी बसलेली असते. आत जाताना तिच्यावर बोट ठेवावं लागतं, मग ती बोलायला लागते.

"काय बोलते?"

बाईंनी माझ्याकडे बघितलं, मी बाईंकडे. तो खेळ खेळणाऱ्या सगळ्यांची एकच पद्धत असते. कुणी बोलायला लागलं, पडद्यावर मजकूर आला, की 'पुढे'चं बटण दाबत सुटायचं. तीन वर्षांत आम्ही त्या म्हातारीचं एक वाक्यही पूर्ण होऊ दिलं नव्हतं.

"बाई, तुम्हीसुद्धा?" मावशीने विचारलं.

"दिवसभर वाचनच असतं हो," ग्रंथपालबाई अगदी हळू आवाजात म्हणाल्या. "तिथे तरी नको वाटतं."

शिंपीकाकांनी मला दुकानात येऊ दिलं ते केवळ मावशी सोबत होती म्हणून. मी खुर्ची ओढली तर म्हणाले ती गिऱ्हाइकांसाठी आहे. मावशीने त्यांना सरळ विचारलं, तुमचं प्रेत उडी मारतं कसं? काकांनी कात्री खाली ठेवली, गळ्यात टेप तशीच, दोन्ही हात समोर ताठ केले आणि कपड्यांच्या ताग्यांमधून टुणटुण तीन उड्या मारून दाखवल्या. दारात एक बाई ब्लाउजचं कापड घेऊन उभी होती. ती नंतर येते म्हणाली.

"बघा," काका धापा टाकत म्हणाले. "दोन पाय. शेजारी शेजारी. माझ्या खुणा जोडीने पडतात. आणि बर्फात काय होतं? एक-एक. ज्याने कुणी उड्या मारल्या त्याला एकच पाय आहे. डॉक्टरांना दात मोजता येतात, पाय नाही."

हे मला तोंडात मारल्यासारखं झालं, कारण ते खरं होतं. मावशीने मग विचारलं की कोठारातून मण्याखेरीज आणखी काय गेलं आहे. मी म्हटलं, काहीही नाही. तीनेक महिन्यांपूर्वी मीच एका सुट्टीच्या दिवशी ती खोली लावली होती, भिंतीवरची एकूणएक वस्तू मला पाठ आहे.

"टोपलीतली छत्री नाहीये," काका म्हणाले.

कोपऱ्यात टाकाऊ सामानाची टोपली होती. तिच्यात एक फुटकी किटली, एक तुटकी चप्पल आणि एक जुनी कागदी छत्री होती. फाटलेली कुठलीही गोष्ट दिसली की काकांचे हात शिवशिवतात. तिला ठिगळ लावायचं त्यांच्या फार दिवस मनात होतं. बुधवारी बघितलं तर ती नव्हती.

मी म्हटलं, मणी गेलाय आणि तुम्ही फाटक्या छत्रीचं काय घेऊन बसलात? मावशीने काकांना छत्रीच्या दांड्याची जाडी विचारली आणि काकांनी अंगठा आणि बोट जुळवून दाखवली.

४

शुक्रवारी नऊशे अठ्ठ्याण्णवावा दिवस. मावशी ताईच्या गाडीत मागे बसली आणि मी तिच्या शेजारी. पुढे एक घाबरलेला तरुण चालवत होता आणि त्याच्या बाजूला ताई, तिच्या पायापाशी शिकवणाऱ्यासाठीचा दुसरा ब्रेक. ताईने तो तीन वळणांत पाच वेळा दाबला आणि प्रत्येक वेळी त्या बिचाऱ्याच्या कुळाचा उद्धार केला. चौकात तो गाडीतून उतरून घरी गेला. मग ताईने गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं.

मावशीने विचारलं, "तुला कुणाचा संशय आहे?"

ताईने समोरचा आरसा आमच्याकडे वळवला.

"किल्ल्या सहा आहेत," ती म्हणाली. "तुम्ही पाचच जणांकडे बघताय."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं, सहावी किल्ली टिटवीची.

ताई म्हणाली की पोरीने मुदत ठरवली तेव्हा हजार दिवस लांब होते. आईला जमणार नाही असं तिने गृहीत धरलं असणार. आता चारच दिवस उरल्यावर यायचं कसं टाळावं हे तिला कळत नसेल. तिथे तिचं काम आहे, मित्रमैत्रिणी आहेत. इथे काय आहे? एक आई, जिने तिला परत येऊ नकोस म्हणून सांगितलं. "मीच असते तर मीसुद्धा मणी नेला असता," ती म्हणाली, आणि रडायला लागली. गाडी रस्त्याच्या कडेला, वर छपरावर शिकाऊ वाहनाची पाटी, आणि आत माझी बहीण रडतेय. लहानपणी तिने माझ्यासाठी शाळेच्या फाटकावर दोन पोरांना बदडलं होतं, तेव्हाही ती रडली नव्हती. मला काय करावं कळेना, म्हणून मी तिच्या खांद्यावर हात ठेवून बसलो.

मावशीने तिला रडू दिलं. मग विचारलं, "ती छत्री कुणाची?"

"कसली छत्री?"

"कोठारातली. कागदाची."

"ती टिटवीने दिली होती," ताई नाक पुसत म्हणाली. "पहिल्याच दिवशी. कोल्ही पावसात उभी होती म्हणून. मग ती फाटली, तेव्हा मी जपून आत ठेवून दिली. का गं?"

मावशी माझ्याकडे वळली आणि म्हणाली, "तुझा तो टॅब मला दुपारभर दे. आणि त्या म्हातारीपाशी नेऊन सोड."

५

दुपारी दवाखान्यात गर्दी होती. मी बाहेरच्या बाकावर मावशीला टॅब देऊन कोठाराच्या दाराशी उभं केलं, म्हातारीवर बोट ठेवून दाखवलं आणि आत जाऊन एका अक्कलदाढेला लागलो. दाढ वाकडी होती, पाऊण तास गेला. बाहेर आलो तेव्हा मावशी अजून वाचत होती. तिने मधे एकदाही 'पुढे' दाबलं नव्हतं. मजकूर आपोआप सरकेपर्यंत ती थांबत होती.

मी विचारलं, एवढं काय आहे त्यात? ती म्हणाली, म्हातारी फार एकटी आहे. आधी तिच्या सांधेदुखीचं सांगते, मग सुनेचं, मग हवापाण्याचं. ऐकणारा टिकला की मग कामाचं बोलते.

तिने टॅब मिटला आणि आत माझ्या खोलीत आली. खुर्चीशेजारच्या ट्रेमध्ये माझी हत्यारं नेहमीप्रमाणे मांडलेली होती: आरसा, टोकदार सळई, चिमटा, लहानापासून मोठ्यापर्यंत, सगळ्या मुठी उजव्या हाताला. मावशी ट्रेकडे बघत राहिली. मग तिने विचारलं की हे रोज कोण लावतं. मी म्हटलं, मीच. मदतनीस बाईंना नाही जमत, त्या कुठेही काहीही ठेवतात.

"आणि बोथट झालेलं?"

"ते लगेच कचऱ्यात. मला टाकाऊ वस्तू डोळ्यांसमोर चालत नाही."

मावशीने मान हलवली. ती म्हणाली, "उद्या सकाळी सगळ्यांना ताईकडे बोलाव. शिंप्यालाही. त्याला तू स्वतः जाऊन सांग." दारापर्यंत गेली आणि थांबली. "चोर सापडलाय. तू मात्र नक्की ये."

६

शनिवारी सकाळी ताईच्या बैठकीच्या खोलीत आम्ही पाच जण पाच पडदे घेऊन बसलो होतो. मधल्या टेबलावर फोन उभा करून त्यावर टिटवी. तिच्याकडे संध्याकाळ होती. ती फक्त ऐकतेय म्हणाली आणि तिने आपला आवाज बंद केला. नऊशे नव्व्याण्णवावा दिवस.

मावशी पंख्याखालच्या खुर्चीत बसली होती. ती म्हणाली की ज्या पाकिटावर पाठवणाऱ्याचं नाव नसतं त्याच्याबाबतीत 'कोणी पाठवलं' हे विचारत बसून काही मिळत नाही. ते निघालं कुठून, हे बघायचं.

"खुणा बाहेर जाणाऱ्या, आत येणारी एकही नाही. दार आतून उघडलेलं. म्हणजे चोर बाहेरून आलाच नाही, तो आतच होता. पाटीवर नाव नाही, म्हणजे तो तुमच्यापैकी कुणी नाही. एका पायाचा, दोन बोटांएवढा जाड. आणि मण्याबरोबर आतून आणखी एकच गोष्ट गेली, ती टोपलीतून."

शिंपीकाकांनी मांडीवर थाप मारली. "छत्री."

मग मावशीने म्हातारीचं सगळं बोलणं आम्हाला सांगितलं. त्या मुलखात असं मानतात की पुष्कळ वर्षं वापरलेल्या वस्तूत जीव येतो. तिला मान दिला तर ती घर राखते. टाकून दिली तर ती रुसते. खेळात वर्षांचे दिवस केलेत. टाकाऊ म्हणून चिठ्ठी लावलेली जुनी वस्तू शंभराव्या दिवशी जागी होते. छत्रीला एक पाय फुटतो, एक डोळा उघडतो आणि जाताना ती घरातली सगळ्यांत जपलेली वस्तू घेऊन जाते.

"पण छत्री मी टाकली नव्हती," ताई म्हणाली. "मी भिंतीवर ठेवली होती."

"तू नाही. ज्याने खोली लावली त्याने टाकली. भिंतीवरच्या वस्तू बघा. लहानापासून मोठ्यापर्यंत, सगळ्या मुठी उजवीकडे. अशी मांडणी मी आणखी एकाच ठिकाणी बघितली." मावशी माझ्याकडे बघून अगदी मायेने हसली. "काल, दाढेच्या खुर्चीशेजारी. बुधवारी बरोबर शंभर दिवस झाले."

माझी दातखीळ बसली. तो सुट्टीचा दिवस मला लख्ख आठवला. किती समाधान वाटलं होतं ती खोली लावून झाल्यावर. फाटकी छत्री उचलली, चिठ्ठी लावली, टोपलीत टाकली. कुणाला विचारावं असं मनातही आलं नाही, असं मी आता म्हणणार होतो. पण ते खरं नव्हतं.

भावजींनी हळूच टेबलावरची काचेची फुलदाणी उचलून खाली ठेवली. ताई माझ्याकडे बघत होती. तिच्या मानेवरची शीर मला दिसत होती. लहानपणापासून ती शीर दिसली की मी पळायचो. आज पळायला जागा नव्हती आणि पळावंसंही वाटत नव्हतं. लेकीची पहिली भेटवस्तू मी कचऱ्यात टाकली होती, एका भल्या माणसाला चोर ठरवलं होतं आणि तिला चार दिवस पोटच्या पोरीवर संशय घ्यायला लावला होता.

"टाकायच्या आधी मला विचारलं का नाहीस?" ताईने विचारलं.

मी खरं ते सांगितलं. "तू ओरडशील म्हणून."

बाहेर कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं, ती पाचव्या खेपेला सुरू झाली आणि निघून गेली, तरी ताई गप्पच होती. मग तिने हातातला टॅब गुडघ्यांवर सरळ केला.

"बरोबर आहे," ती म्हणाली. आवाज नेहमीच्या बोलण्याचा होता. "ओरडलेच असते. आता विचार."

"काय?"

"छत्री परत आणू का, ते."

मी विचारलं. ती म्हणाली, आण.

मावशीने पुढचं सांगितलं. टाकलेल्या वस्तू नदीपलीकडच्या ओसाड देवळात जाऊन बसतात. त्यांना मारायचं नाही. मारलं तर त्यांच्याजवळचं सगळं फुटतं. ज्याने टाकलं त्यानेच जायचं, वाकायचं, चूक कबूल करायची आणि घरी चल म्हणायचं. आम्ही सगळे निघालो. गोठलेल्या नदीवरून भावजींनी वाट दाखवली, कारण पाणी त्यांचं. देवळाच्या पायरीवर ती बसली होती. एक पाय, एक डोळा, ओठांतून लोंबणारी लांबलचक जीभ. मला बघितल्यावर तिने पाठ फिरवली.

माशाला कंबर नसते. त्यामुळे माझा मासा वाकायला गेला की तोंडावर आपटत होता. चौथ्यांदा आपटल्यावर मी टाइप करायला घेतलं. तुला न विचारता टाकलं, चूक झाली, मला वस्तूंची किंमत कळत नाही, फक्त रांग कळते. छत्री जागची हलेना. मग मी टॅब खाली ठेवला, शिंपीकाकांकडे वळलो आणि हेच सगळ्यांसमोर तोंडाने म्हटलं, छत्रीऐवजी त्यांचं नाव घेऊन. काकांनी मला थोडा वेळ ताटकळवलं, मग म्हणाले, "बसा डॉक्टर. खुर्ची घ्या."

त्याचा छत्रीशी काही संबंध नसणार. खेळाला आमच्या खोलीतलं काय कळतंय? पण मी पुन्हा पडद्याकडे बघितलं तेव्हा ती माझ्याकडे तोंड करून उभी होती. एक उडी, दुसरी उडी, आणि ती उघडली. आतून मणी पायरीवर पडला आणि घरंगळत कोल्हीच्या पुढच्या पायाशी जाऊन थांबला. काका तर ओरडलेच, त्यांना आधी छत्रीची फाटकी बाजू बघायची होती.

तेवढ्यात फोनवर टिटवीने आपला आवाज सुरू केला.

"आई," ती म्हणाली. "तू ओरडलीस की फोन ठेवायचा, असं ठरवून बसले होते."



"मी तुझ्यावर संशय घेतला," ताई म्हणाली. "चार दिवस. तुला यायचं नाही म्हणून तूच नेलास असं वाटलं मला. सांगून टाकते, मग काय ते बोल."

"माहितेय. परवा तीनदा विचारलंस, सकाळी कुठे होतीस म्हणून."

"राग आला?"

"खूप आला." टिटवी म्हणाली. "मग तू मामाला म्हणालीस, बरोबर आहे, ओरडलेच असते. तू असं कधी कुणाला म्हणाली नाहीयेस आई."

"अजून एक दिवस आहे," ताई घाईघाईने म्हणाली. "उद्या पहाटे हजार."

"तो कोल्हीचा. तुझे झाले. मी तिकीट बघतेय. मंगळवारचं आहे आणि पुढच्या शुक्रवारचं आहे. कुठलं काढू?"

भावजी ताईकडे बघत होते. त्यांच्या ओठांवर मंगळवार अगदी येऊन थांबला होता.

"तुला सोयीचं असेल ते काढ," ताई म्हणाली. हे वाक्य तिच्या तोंडून मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं. ती एक मोठा श्वास घेऊन खुर्चीत मागे टेकली, तीन-चार क्षण तशीच बसली आणि मग तिला राहवलं नाही.

"मंगळवारचं," ती म्हणाली.